रिकामं गाढव

मोरोक्कोतलं फेझ हे जुनं शहर म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. त्या गुंड्यात कराडची सहल अडकली होती, आणि तिला अडकवलं होतं म्होरके टिपरेसाहेबांनी. साहेब निवृत्त अधिकारी. छाती काढून पुढे चालायचे आणि वाट विचारणं कमीपणाचं मानायचे.

तेच चपलांचं दुकान पुन्हा आलं, तसं इंदूताईंनी घड्याळ पाहिलं. गुडघे धरल्यामुळे त्यांचे यजमान वेशीबाहेर बसमध्ये एकटेच बसले होते, आणि त्यांचा डबा इंदूताईंच्या पिशवीत. मधुमेहाचा माणूस, उपाशीपोटी चक्कर येऊन पडला तर?

"साहेब, कुणाला तरी विचारा की."

"बाई, म्होरक्या मी आहे," साहेब गुरकावले.

या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, सगळा माल गाढवावरून येतो. एवढ्यात एक रिकामं गाढव मालकासह समोरून गेलं. इंदूताईंनी विचार केला, माल वेशीतून आत येतो, म्हणजे पाठ रिकामी झालेलं गाढव वेशीकडेच परतणार.

"चला गं, याच्या मागे."

साहेब लालबुंद झाले. "मी गाढवाच्या मागे चालू? लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत हो," इंदूताई पाऊल न थांबवता म्हणाल्या. "आम्ही सकाळपासून चालतोय, आम्हाला कुणी काही म्हणालं का?"

थोड्याच वेळात वेस आली. बसच्या खिडकीतून भुकेले यजमान बघत राहिले: पुढे गाढव, मागे हसून बेजार झालेली मंडळी, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे बघत, टिपरेसाहेब.