भिंतीकडे तोंड केलेलं कार्ड

लोक एकमेकांना हातानं पत्रं लिहीत, त्या काळातली ही गोष्ट. एका चित्रसंग्रहालयाच्या दुकानात एक पोस्टकार्ड होतं. त्याच्यावर संग्रहालयातलंच एक नव्या शैलीचं चित्र छापलेलं होतं: निळी फुलदाणी आणि चौकोनी पाकळ्यांची केशरी फुलं. कार्डाला वाटे, आपण म्हणजे ही फुलंच; मागची कोरी बाजू काय, नुसती पाठ!

एके दिवशी सुमतीनं ते विकत घेतलं, पाठीवर गिचमिड अक्षरांत मजकूर लिहिला आणि पेटीत टाकलं. पोस्टात वर काळा शिक्काही बसला. "पार वाट लावली माझी!" कार्ड कुरकुरलं.

चिपळूणला सुमतीच्या इंदूमावशीनं मजकूर वाचला आणि ती खुदकन हसली. मग तिनं कार्ड फळीवर उभं केलं, तेही चक्क फुलं भिंतीकडे करून!

"अहो बाई, चित्र इकडे आहे!" कार्ड ओरडलं. पण माणसांना कार्डाचं बोलणं कुठलं ऐकू येतंय?

"ओरडू नकोस रे," भिंत म्हणाली. "आजवर मी डब्यांच्या पाठीच बघितल्या. फुलं पहिल्यांदाच बघतेय."

कार्ड जरा वरमलं.

तेवढ्यात शेजारची कमळाबाई आली. "अगं, उलटं ठेवलंस की!" म्हणत तिनं कार्ड फिरवलं. मावशीनं ते लगेच पुन्हा होतं तसं केलं. "राहू दे गं. आधी हे वाच."

कमळाबाईनं मोठ्यानं वाचलं, "मावशी, मुलगी झाली. नाक थेट तुझं!"

दोघी हसत सुटल्या. मावशी कितीतरी वेळ आपल्या नाकावरून बोट फिरवत राहिली.

"कुणाकडे झाली रे मुलगी?" भिंतीनं विचारलं.

कार्ड ऐटीत म्हणालं, "आमच्याकडे!"