आता काय सोडू?

"आता आणखी काय सोडू, आऊ? तेवढं सांगा."

द्वारकेनं तिसऱ्यांदा विचारलं.

म्हाळसाआऊ ऐकतच नव्हती. तिचं सगळं लक्ष नूरशा फकिराच्या हातातल्या करवंदावर होतं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. पोरं खेळतात तोच खेळ.

"कोंबडा," आऊ म्हणाली.

"कोंबडी," फकीर म्हणाला.

त्यानं करवंद दातानं फोडून पुढे धरलं. लालभडक!

आऊनं अशी काही टाळी वाजवली की झऱ्यावर पाणी प्यायला आलेली शेळी तोंड तसंच ओलं ठेवून पळाली.

घाटमाथ्यावरच्या या म्हातारीबद्दल द्वारकेनं खूप ऐकलं होतं. मोठी साध्वी आहे म्हणे. पायी सगळा मुलूख फिरलेली. तिनं सांगितलेला नेम कधी फुकट जात नाही. म्हणून तर साडेचार वर्षांच्या बनूला कडेवर घेऊन द्वारका घाट चढून आली होती. पोर जड झाली, कंबर मोडायची वेळ आली, तरी एकदा म्हणून खाली उतरवली नाही. उतरवली आणि दरीकडे पळाली तर?

आणि इथे येऊन बघते तर साध्वी करवंदावर पैजा मारत बसलेली. बाजूला फुटाण्यांची पुडी. तोंडात एकही दात नव्हता, म्हणून फुटाणे ती कानानं खायची. फकिराला जवळ बसवायची, चावायला लावायची, आणि डोळे मिटून म्हणायची, "खमंग आहेत रे."

"पोरीला खाली ठेव की," आऊ म्हणाली. "तिला पाय दिलेत देवानं."

"शेवाळ आहे हो तिथे."

"असू दे. घसरली तर खाली बसेल. बसलेलं काय वाईट?"

द्वारकेनं बनूला खाली ठेवलं. पण झग्याचं टोक मुठीत धरून ठेवलं.

"हं. आता सांग. आजवर काय काय सोडलंस?"

हा प्रश्न मात्र द्वारकेच्या आवडीचा. हळदीकुंकवाला बायका हेच विचारायच्या आणि आपसात म्हणायच्या, आई असावी तर द्वारकेसारखी. तिनं पदर सारखा केला. हनुवटी जरा वर गेली.

"पहिला आंबा सोडला. ही सहा महिन्यांची होती. ताप काही उतरेना. मी देवीपुढे पदर पसरला. म्हटलं, बये, माझी पोर वाचव, आंब्याला तोंड लावणार नाही."

"उतरला ताप?"

"तिसऱ्या दिवशी."

"कुठला आंबा सोडलास?"

"कुठला म्हणजे? आंबा."

"असं कसं चालेल? देवीला नीट सांगायला नको? पायरी सोडलास की रायवळ?"

"नाहीतर घोटाळा होतो," फकीर म्हणाला. "तिला वाटेल फणस."

द्वारकेला राग आला. पण आंबा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिलाच.

"आमच्या माहेरी परसात झाड आहे. शेप्या म्हणतात त्याला. सालीला शेपूसारखा वास येतो ना, म्हणून. तो कापायचा नाही. हातात घोळून घोळून मऊ करायचा, देठाचं टोक काढायचं, पहिला चीक टाकायचा, आणि मग चोखायचा. रस मनगटावरून असा कोपरापर्यंत..."

तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चार वर्षांनी, तेही परक्यांसमोर. तिला लाज वाटली.

"मग?"

"मग हिच्या दाढा आल्या. जुलाबांनी पोर अर्धी झाली. तेव्हा माहेर सोडलं."

"पलीकडे खाली दिसतंय ते का? आमराईवालं?"

"हो."

"मग आज वर येऊन बघितलंस का तिकडे?"

"नाही. मान खाली घालून आले."

आऊनं फकिराकडे बघितलं. दोघांची गाठोडी खडकाशी बांधून ठेवलेली होती. आंब्यांची एक झोळीही होती.

"तुम्ही कुठे निघालात?" द्वारकेनं विचारलं. विषय बदलला तर बरं, असं तिला झालं होतं.

"ठरलं नाही अजून," आऊ म्हणाली.

"गेल्या साली ठरवून निघालो," फकीर म्हणाला, "तर तिथेच जाऊन पोचलो. काही मजा नाही आली."

बनू फिसकन हसली. द्वारकेनं झगा ओढला. ती गप्प झाली.

"मग गोवर आला," द्वारका पुढे सांगू लागली. "तेव्हा पुस्तक सोडलं. गोष्टींचं होतं. वडिलांनी जत्रेतून आणलेलं. ही दुपारी निजली की मी दोन पानं वाचायची."

"कुठवर आली होतीस?"

"राजकन्या विहिरीत उतरली होती. अंगठी शोधायला."

"आणि?"

"आणि काय? सोडलं ना पुस्तक."

आऊनं कपाळाला हात लावला.

"कधीची गोष्ट ही?"

"दोन वर्षं झाली."

"अगं बया! दोन वर्षं ती पोर विहिरीत आहे?"

"उपाशी," फकीर म्हणाला.

द्वारकेच्या पोटातून हसू वर आलं. तिनं ओठ दाताखाली धरला. हसायचं नाही. हसलं की काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

आऊ तिच्या ओठाकडे बघत होती.

"ते कधी सोडलंस?"

"काय?"

"हसणं."

द्वारकेनं बनूच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"गेल्या वर्षी," ती म्हणाली. "नदीवर धुणं धूत होतो. मी आणि वेणू. सासरी आल्या दिवसापासूनची मैत्रीण माझी. तिनं तिच्या दिराच्या चालण्याची नक्कल केली. घडा घेतलेल्या बदकासारखं चालतो तो. मी इतकी हसले, इतकी हसले... आणि वळून बघते तर बनू पायरीवरून गडगडत खाली. हे बघा, खोक पडलेली. ही खूण."

"म्हणून?"

"म्हणून वेणूशी बोलणं सोडलं."

"तिला सांगितलंस, का ते?"

"कसं सांगणार? बोलणंच सोडलं ना."

"ती काय म्हणाली?"

"पहिला महिनाभर हाका मारायची. मग दारात येऊन उभी राहायची. आता नदीवर उशिरा येते. मी घरी गेले की..."

फकिराच्या हातातलं करवंद हातातच राहिलं.

द्वारकेची हनुवटी केव्हाच खाली आली होती. आता तिचा आवाज चढला.

"आता भाकरी आणि मीठ उरलंय, आऊ. दुसरं काही आवडायचं म्हणून राहिलंच नाही. उद्या हिला काही झालं तर देवीला देऊ काय? हात रिकामे झाले माझे. झोप येत नाही मला. म्हणून आले. असं एकच मोठं काही सांगा, की एकदा सोडलं की हिला जन्मभर काही होणार नाही."

"असं काही नाही," आऊ म्हणाली.

"असेल हो. नीट आठवून बघा."

"नाही पोरी. ताप आला तर वैद्याकडे ने. काढा दे. उशाशी बस. याच्यापुढचं मला येत नाही."

"पण ताप उतरला ना! गोवर गेला, खोक भरली! दर वेळी मी सोडलं आणि दर वेळी ही बरी झाली! ते काय उगीच?"

आऊनं करवंदांचा द्रोण उचलला आणि बनूपुढे धरला.

"घे गं ठमे. सांग बघू, कोंबडा का कोंबडी?"

बनूचे डोळे लकाकले. हात पुढे आला. द्रोणापर्यंत आला... आणि मागे पाठीशी गेला.

"नको."

"आवडत नाहीत?"

"आवडतात. लई आवडतात."

"मग?"

"मी सोडली."

द्वारकेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय केलंस तू?"

"करवंदं सोडली. चैत्रात तू खोकत होतीस ना, लई? मग मी देवीला सांगितलं. मग तुझा खोकला गेला."

हे सांगताना बनूची हनुवटी जरा वर गेली होती.

"परत खोकला आला तर बाहुली सोडीन," ती बोटं मोजत म्हणाली. "मग गूळ. मग..." तिनं तिसऱ्या बोटाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "मग काही नाहीच."

द्वारकेच्या मुठीतून झग्याचं टोक सुटलं.

तिनं पोरीला ओढून पोटाशी धरलं. "अगं वेडे, अगं माझे आई! तू करवंदं खाल्लीस म्हणून मला खोकला येतो होय? आणि तू तोंड बांधून बसलीस म्हणून मी बरी होते? असं कुणी सांगितलं तुला? तू खा गं. पोटभर खा. तू खाताना बघितलं की मला..."

तिनं बनूच्या केसांत तोंड लपवलं.

"काय म्हणालीस?" आऊनं कानामागे हात धरला. "मला जरा कमी ऐकू येतं."

"चार हातांवर फुटाणा फुटला तरी ऐकू येतो हिला," फकीर पुटपुटला.

"तू गप रे नूरशा. बोल पोरी. मोठ्यानं बोल."

"तू खाताना बघितलं की..." द्वारका म्हणाली.

ती थांबली. बनूच्या केसांवरून तिची नजर वर गेली, देवीला शोधावी तशी. समोर झाड होतं, त्याच्यावर आभाळ होतं. बाकी कुणी नव्हतं.

"...की मला बरं वाटतं," ती हळूच म्हणाली.

पुन्हा एकदा म्हणाली. या वेळी नुसते ओठ हलले.

...

आऊनं फकिराच्या झोळीतून एक आंबा काढला. लहानसा, गोल, देठाशी पिवळा पडलेला. तो तिनं तळहातात घोळला, घोळून घोळून मऊ केला, देठाचं टोक काढलं, चीक टाकला आणि द्वारकेपुढे धरला.

"शेप्या नाही हा. याच्या झाडाला अजून नाव नाही. खाऊन बघ आणि तूच ठेव."

द्वारकेनं बनूकडे बघितलं. बनूनं द्वारकेकडे.

"आई, तू खाल्लास तर मी खाईन."

"तू आधी खा."

"नाही, तू आधी."

"बसा मग संध्याकाळपर्यंत," फकीर म्हणाला आणि त्यानं आंब्याला हात घातला. "आण इकडे तो."

तशी द्वारकेनं आंबा झटकन तोंडाला लावला, आणि बनूनं करवंद दातात धरलं. दोघींनी एकदमच.

आंबट होता सुरुवातीला. मग कडेनं गोड आला. मग असा आला की द्वारकेचे डोळेच मिटले. रस हनुवटीवर आला, मनगटावर आला. चार वर्षांत तिची जीभ काहीच विसरली नव्हती.

"कोंबडा!" बनू ओरडली. "आई, कोंबडा आला! लाल लाल!"

"पोरीचा हात चांगला आहे," फकीर म्हणाला. "हिला आपल्याबरोबर न्यायची. तू राहा घरी, म्हाळसे."

"नेशील रे! रस्त्यात तिच्या झोपायच्या वेळी तुझं घोरणं ऐकवशील. पोर दरीत उडी मारील."

"मी घोरतो? परवा त्या धर्मशाळेतली माणसं कुणामुळे उठून गेली?"

"भजन करत होते मी."

"नाकानं?"

द्वारका हसली. ओठ दाबायला वेळच मिळाला नाही. तोंडातल्या रसासकट हसली, ठसका लागला, तरी हसली. आणि लगेच सवयीनं दचकून वळली.

बनू पडलेली नव्हती. तिथेच शेवाळाच्या दगडावर फतकल घालून बसली होती. जीभ बाहेर काढून ती किती लाल झाली ते डोळे तिरके करून बघत होती.

द्वारका उठली. पहिल्यांदाच पलीकडच्या कड्याकडे गेली, पण फार पुढे नाही. तिथूनच तिनं खाली बघितलं. आमराई होती तिथेच होती. एका घरातून धूर निघत होता. चुलीवर काय असेल, असं उगीच तिच्या मनात आलं.

परत येऊन तिनं झोळीतले दोन आंबे उचलले आणि पदरात बांधले.

"वेणूला नेते. घेईल का ती?"

"आधी शिव्या देईल," आऊ म्हणाली.

"दिल्याच पाहिजेत."

"मग घेईल."

द्वारकेनं पदराची गाठ आवळली. हातातल्या कोयीवर अजून थोडा गर होता. तो खाता खाता तिचा हात मधेच थांबला. ती भीती काही अशी एका आंब्यानं जाणारी नव्हती. गेली होती म्हणावं तर पुन्हा येऊन बसली.

"आऊ..."

"हं?"

"देवी विचारणार नाही ना हो मला? एकदा सोडलेलं परत का खाल्लंस म्हणून?"

आऊच्या बोळक्यात आंबा होता. दोन्ही गाल फुगलेले. बनू तिच्या मांडीला टेकून दुसरं करवंद फोडत होती.

"विचारील की," आऊ म्हणाली. "आधी तिच्या तोंडातला आंबा तर संपू दे."