येसायचा खांदा

घाटाला अजून गाडीवाट फुटली नव्हती, माणूस आजारी पडला की दुसऱ्यांच्या खांद्यावरूनच खाली जायचा, त्या काळची ही हकिगत. उंबरधार नावाच्या डोंगरवाडीत येसाय नावाची म्हातारी राहायची. नवरा कधीच गेला होता, पोरबाळ नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या भातखाचरात राबून तिची पाठ कायमची वाकली होती. देवाकडे तिनं काय मागावं, तर झोप. असं म्हणतात, की ती लावणी करता करता डुलकी घ्यायची आणि झोपेतही तिचं रोप ओळीतच लागायचं.

एका वर्षी ऐन लावणीत शेजारची चिमी तापानं फणफणली. ताप उतरेना. ती पोटच्या पोरींना ओळखेना. वैद्य घाटाखाली आणि मधे पावसानं तुडुंब भरलेला ओढा. चिमीचा नवरा धाकू तिच्या उशाशी बसून राहिला. पोरी लहान, त्याला पळभर उठायची सोय नव्हती.

आता वाडीची रीत अशी, की दुखणाइताला डोलीतून न्यायचं, तर घरधन्यानं दारोदार जाऊन उंबऱ्यावर सुपारी ठेवायची. सुपारी आली की बाप्ये खांदा द्यायला निघायचे. धाकूची सुपारी कुणाकडेच आली नाही. चिमीचं सगळ्यांना कळलं होतं. सगळे दमून गेले होते, हेही खरं. सुपारी नाही म्हणजे उतार पडला असेल, असं म्हणून जो तो चिखलाचे पाय धुऊन आडवा झाला. रीत मोडायला नको, मग माणूस मोडला तरी चालेल, असे आपण लोक.

येसायही आडवीच झाली होती. तेवढ्यात कुडाच्या फटीतून तिला धाकू दिसला. बांबूला घोंगडी बांधून त्यानं चिमीला तीत निजवलं होतं. बांबूचं एक टोक त्याच्या खांद्यावर होतं, दुसरं कुंपणावर टेकलेलं. त्या दुसऱ्या टोकाकडे बघत तो नुसता उभा होता.

येसायला रडू आलं. ते त्याच्यासाठी आलं की मोडलेल्या झोपेसाठी, तिचं तिलाच कळलं नाही. बाईमाणसानं डोलीला खांदा द्यायचा नाही, हीही एक रीत होतीच. तिनं पदर खोचला आणि ते टोक उचललं.

वाडीचा म्होरक्या राघू गावकर आपल्या अंगणातून येऊन वाटेत उभा राहिला. म्हणाला, "येसाय, सुपारी नाय आली आमच्याकडं."

"बायकूला मरायला टाकून सुपाऱ्या वाटत फिरंल व्हय तो?" येसाय म्हणाली. "मला बी कुनी दिली नाय. सरक वाटंतून."

राघू सरकला नाही. मान खाली घालून तो धाकूच्या जागी बांबूखाली शिरला. मग एकेक दार उघडलं. कुणी पोरींना घरी नेऊन जेवू घातलं, कुणी धाकूच्या राहिलेल्या लावणीचं अंगावर घेतलं, बाकीचे डोलीमागून निघाले. पुढचे खांदे बदलत राहिले, मागचा मात्र येसायनं कुणालाच दिला नाही.

असं म्हणतात, की त्या उतारावर तिची वाकलेली पाठ ताठ झाली. असं म्हणतात, की ओढ्याचं पाणी घोट्याखाली उतरलं आणि डोली पार होताच पुन्हा चढलं. निम्म्या वाटेवर येसायचे डोळे मिटले, पण पाय काही थांबले नाहीत.

वैद्याच्या ओसरीवर डोली उतरली. औषध लागू पडलं आणि चिमीनं डोळे उघडून पोरी कुठं आहेत म्हणून विचारलं. धाकू लहान पोरासारखा रडला. येसायला सांगायला तो वळला, तर ती खांबाला टेकून होती तशीच उभी होती. ती गेली होती. लोकांना कळलं, तरी कितीतरी वेळ कुणी तिला हात लावला नाही. झोपमोड होईल, असंच वाटत होतं सगळ्यांना.

आता उंबरधारला जीप येते. दुखणाइताला आत बसवलं की वाडीतली एखादी म्हातारी पुढं होते आणि जीपला मागून खांदा लावते. इंजिन सुरू असलं तरी लावते. ड्रायव्हर नवा असला तर वैतागतो. त्याला सांगतात, थांब, येसायचा खांदा लागू दे. तोवर घराघरांची दारं उघडलेली असतात, बोलावणं कुणालाच गेलेलं नसतं. आतला दुखणाईत विचारतो, कोण कोण आलंय? सगळे, असं त्याला सांगतात. आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.