कुंभारणीचं बोळकं

नदी जिथं वळण घेते तिथं एक गाव होतं, आणि त्या गावात एक कुंभारीण होती. गोष्ट फार मागची आहे, पण चुलीपुढं बसून सांगण्यासारखी आहे, म्हणून सांगतो.

कुंभार मडकी करायचा आणि कुंभारीण चुली करायची. तिच्या हातच्या चुलीला आजूबाजूच्या पाच गावांत तोड नव्हती. इतरांच्या चुली चार महिन्यांत तडकायच्या, हिची चूल दोन-दोन दिवाळ्या पाहायची. यात जादू काही नव्हती. चुलीच्या मातीत ती गावातल्या बायकांचे केस कालवायची.

त्या गावाची रीतच तशी होती. प्रत्येक घरी मागच्या दाराशी एक बोळकं टांगलेलं असायचं. बायका केस विंचरायच्या, फणीला आलेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायच्या आणि त्या बोळक्यात टाकायच्या. वाऱ्यावर केस कुणी सोडत नसे. दसरा झाला की कुंभारीण पाटी घेऊन घरोघर जायची, बोळकं रिकामं करायची आणि त्या घरी चार पणत्या ठेवायची. घरी आणलेले केस धुवायचे, बारीक कातरायचे आणि मातीत मळायचे. माती सुकताना केस तिला धरून ठेवतात, म्हणून चूल तडकत नाही. दिवाळीच्या फराळाला घरोघरी नवी चूल लागायची, ती अशी सगळ्यांच्या केसांची असायची.

कुंभारणीचे स्वतःचे केस मात्र असे होते की विचारू नका. वेणी सोडली की गुडघ्याला लागायची. पाणवठ्यावर बायका चिडवायच्या, की कुंभाराची गाढवं बांधायला दोरी कमी पडली तर त्याला बाजारात जायची गरज नाही. ती हसायची. पण मनातून तिला ते बरं वाटायचं. तिच्या घरचं बोळकं वर्षभरात तळाशीसुद्धा भरत नसे, आणि हे ती चार जणींना आवर्जून सांगायची.

मग ज्येष्ठात तिला मुलगी झाली. गोरीगोमटी, भरल्या जावळाची. गावानं कौतुक केलं. पावसाळा गेला, भादवा सरत आला, आणि एके सकाळी कुंभारणीनं केसातून फणी ओढली तर फणीला मूठभर केस आले. तिला वाटलं, एखाद्या दिवशी व्हायचंच. दुसऱ्या दिवशी तेवढेच आले. आठवड्याभरात बोळकं काठोकाठ भरलं.

भरलेलं बोळकं पाहून तिनं आधी दाराकडे बघितलं. आता येणारी-जाणारी बघेल, मग काय म्हणेल? तिनं ते भट्टीत रिकामं केलं. त्या दिवसापासून रोजची गुंतवळ ती भट्टीत टाकू लागली.

आणि तिनं उपाय सुरू केले. कुंभारणीचे उपाय, दुसरं काय असणार? मातीनं भांडं घट्ट होतं, म्हणून तिनं डोक्याला भांड्याची माती चोळली. राखेच्या पाण्यानं भांडी लख्ख निघतात, म्हणून एक दिवसाआड केस त्याच पाण्यानं धुतले. लेक रडायच्या आत आवरावं म्हणून ओल्या केसांतून भराभर फणी ओढली आणि ते वाळवायला भट्टीच्या तोंडाशी बसली. भांग रुंद दिसू नये म्हणून केस करकचून बांधले. पोटात दोन घास जात होते न जात होते. रात्री लेक जागी, दिवसा भट्टी जागी. जेवढे उपाय वाढले तेवढे केस जास्त गळू लागले.

दसरा आला आणि गेला. कुंभारीण पाटी घेऊन निघाली नाही. कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे डोक्यावरचा पदर सरकायचा, आणि मग सगळ्यांना दिसायचं. त्या वर्षी तिनं नुसत्या मातीच्या चुली केल्या. चार चुली चार घरी गेल्या.

त्याच सुमारास गावात एक गंगावनवाला आला. टोपलीत वेणीत गुंफायची केसांची काळीभोर गंगावनं, कमरेला कात्री आणि तोंडात साखर. कुंभारणीचा पदर एवढा पुढं का ओढलेला आहे, हे त्यानं बसल्या बसल्या ओळखलं. त्यानं तिला सांगितलं, की हे गळणं आता थांबायचं नाही, पण वेणी अजून लांब आहे तोवर ती मुळापासून कापून मला दे. बदल्यात हे सर्वांत दाट गंगावन घे आणि ही लेपाची डबी घे. लेप लावला की सहा महिन्यांत दुप्पट केस येतील. कुंभारणीनं पदर आणखी पुढं ओढला. तो म्हणाला, "घाई नाही. पुढच्या बाजाराला येतो. तोवर अजून गळले तर मात्र माझ्या उपयोगाचे राहणार नाहीत."

ते आठ दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. वेणी हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. कापली तर गेली. न कापली तर रोज थोडी थोडी जाणारच होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी तेलीणआजी दारात आली. गावच्या घाण्याची ही म्हातारी, चार लेकरं वाढवलेली. डोक्यावर सुपारीएवढा पांढरा अंबाडा. ओच्यात फुटक्या चुलीचा तुकडा आणि हातात स्वतःचं बोळकं.

"तुझी चूल तडकली गं पोरी," ती म्हणाली. "पहिल्याच जाळाला. पलीकडच्या तिघींच्याही तडकल्या. आणि हे माझे केस न्यायला तू आलीच नाहीस. म्हातारीचे थोडे असतात, म्हणून विसरलीस होय?"

कुंभारणीनं तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. आजी ओसरीवर टेकली. भट्टीकडून वास येत होता. जळालेल्या केसांचा वास बाईमाणसाला सांगावा लागत नाही. आजीनं एकदा भट्टीकडे पाहिलं, एकदा त्या पुढं ओढलेल्या पदराकडे पाहिलं.

"लेक झोपली आहे का?"

"आत्ताच झोपली."

"मग फणी आण आणि माझ्यापुढं बस. पदर काढ."

कुंभारीण बसली. आजीनं आवळलेली गाठ सोडली, तशी डोक्याची कातडी इतकी मोकळी झाली की कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीनं वरून फणी घातली नाही. आधी टोकं सोडवली, मग मधला गुंता, मग वर आली. फणीला केस आले ते तिनं गुंडाळून मांडीवर ठेवले.

"ओली चूल तू भट्टीपुढं वाळवतेस का?" तिनं विचारलं.

"छे. तडकेल ना. सावलीत ठेवते."

"आणि ओलं डोकं?"

कुंभारणीनं भट्टीच्या तोंडाकडे पाहिलं. आजी फणी फिरवत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

"लेक पोटात होती तेव्हा केस गळाले का गं?"

"एकसुद्धा नाही. उलट दाट झाले होते."

"म्हणजे तेव्हा जायचे होते ते थांबले. बाईला पोर होऊ दे, मग जाऊ, असं म्हणाले असतील. आता सगळे मिळून निघालेत. मला चार लेकरं झाली, चारही वेळा गेले. चौथ्याला तर मी आरशात बघायचं सोडलं होतं. आणि चारही वेळा परत आले."

"काय लावलंस तेव्हा?"

"तेल."

"तेलानं आले?"

आजी हसली. "मी तेलीण आहे, खोटं सांगितलं तर चार वाट्या जास्त खपतील. तेलानं केस उगवत नाहीत, बाय. पण तेल लावायचं म्हटलं की बाई घटकाभर एका जागी बसते. तेवढं बसणं तुला कुणी दिलंय का, लेक झाल्यापासून?"

कुंभारणीनं नाही म्हणून मान हलवली.

मग आजीनं तिला बरंच काही सांगितलं. राखेचं पाणी भांड्यांना राहू दे, डोक्याला आठवड्यातून एकदा शिकेकाई पुरे. ओल्या केसांना फणी लावायची नाही. वेणी सैल घाल, भांग दिसला तर दिसू दे. लेक झोपली की तूही पड, माती कुठं पळून जात नाही. आणि जेव. मटकीची उसळ खा, पालेभाजी खा, भाकरीवर तिळाची चटणी घे, अळिवाची खीर कर, आणि नवऱ्याच्या ताटात वाढतेस तेवढंच आपल्या ताटात वाढ. लेक वर्षाची झाल्यावरही गळणं थांबलं नाही, किंवा मधेच रुपयाएवढी चकती मोकळी पडली, तर वैद्याला दाखव, त्यात लाज नाही. तोवर वाट बघ. वाट बघायला तुला काय शिकवायचं? मातीच्या कामात तुझा जन्म गेला.

निघताना तिनं मांडीवरची गुंतवळ कुंभारणीच्या हातात दिली. "ही भट्टीत टाकू नकोस. नऊ महिने तुझ्या डोक्यावर सावली धरून गेलेत बिचारे. त्यांना रीतीनं मातीत घाल."

दुसऱ्या दिवशी गंगावनवाला आला. त्यानं टोपली उतरवली, डबी काढली, कात्री काढली. कुंभारणीनं ते दाट गंगावन हातात घेऊन पाहिलं. फार सुंदर होतं.

"हे केस कुणाचे?" तिनं विचारलं.

"असतील कुणाचे तरी."

"तिला पण लेप दिला होता का?"

"दिला असेल."

"मग तिला दुप्पट आले का?"

गंगावनवाल्यानं टोपलीतली गंगावनं उगाच सरळ केली. म्हणाला, की एकदा गावाबाहेर पडलं की परत कोण बघायला जातं. त्यानं ते सहज म्हटलं, पण म्हटल्यावर त्यालाही ते ऐकू गेलं असावं.

कुंभारणीनं गंगावन टोपलीत परत ठेवलं. "दादा, पाणी पिऊन जा. माझे जे पडतील ते माझ्या चुलीत जातील. जे राहतील ते माझ्या डोक्यावर राहतील. कात्री लावायची नाही."

तो गेला तशी तिनं लेक कडेवर घेतली, पाटी उचलली आणि महिन्याभरात पहिल्यांदा गावात निघाली. पदर खांद्यावर होता आणि वेणी सैल होती. प्रत्येक दारात तिनं सरळ सांगितलं, की माझे केस गळतायत, लाज वाटली म्हणून आले नाही, त्यापायी तुमच्या चुली फुटल्या, नव्या करून देते.

तिला वाटलं होतं, बायका हसतील. एक हसलीसुद्धा. म्हणाली, बरं झालं, आता गाढवांना दोरी बाजारातूनच आणावी लागेल. पण हसता हसता तिनंच कुंभारणीला आत बोलावून पुढ्यात अळिवाचा लाडू ठेवला. लोहाराच्या सुनेला चार महिन्यांचा मुलगा होता. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि फडताळामागून एक गच्च भरलेलं बोळकं काढलं. "मला वाटलं, माझेच जातात," ती म्हणाली. कुंभारणीनं तिथंच ओसरीवर बसकण मारली आणि तिला म्हणाली, "फणी आण."

त्या रात्री माती मळायला घेतली तेव्हा कुंभारणीनं स्वतःचे केस सगळ्यांच्या केसांत कालवले. मळताना एकेका मुठीला ती हात जोडत होती. तुम्ही थांबलात म्हणून माझी लेक सुखरूप आली, असं काहीबाही पुटपुटत होती. चुली सावलीत वाळल्या. दिवाळीच्या आधी घरोघर पोचल्या. पहिला जाळ झाला, कढया चढल्या, आणि एकही चूल तडकली नाही.

केस मात्र लगेच थांबले नाहीत, हेही सांगायला हवं. माघापर्यंत फणीला येतच राहिले, रोज थोडे थोडे कमी. ती ते बोळक्यात ठेवत राहिली. चैत्रात एका सकाळी कुंभारानं चाकावरून मान वर करून विचारलं, की तुझ्या कपाळावर हे काय उभं राहिलंय. तिनं हात लावून पाहिलं. भांगाच्या कडेनं बोटबोटभर नवे केस आले होते, नुकत्या उगवलेल्या गवतासारखे, कितीही दाबले तरी न बसणारे. ती रांगत्या लेकीला पोटाशी धरून हसली आणि रडलीही.

वेणी पुन्हा गुडघ्यापर्यंत कधी आली नाही, कमरेपर्यंत आली. तिला ती पुष्कळ वाटली.

त्या चैत्रातच ती तेलीणआजीकडे अळिवाची खीर घेऊन गेली. घाण्याशेजारी नवी चूल बिनतड्याची उभी होती. आजीनं खीर खाल्ली, वाटी पुसली आणि कुंभारणीचे उभे केस पाहून समाधानानं मान हलवली. कुंभारीण उठून तिच्या पाठीमागं जाऊन बसली.

"हे काय गं?"

"फणी कुठं आहे?"

"वेडी का काय? आहे काय माझ्या डोक्यात विंचरायला?"

"बस तशीच."

आजीची आई गेल्यापासून तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिनं गावातल्या किती डोक्यांना तेल घातलं होतं, पण तिच्या मागं बसायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कुंभारणीनं तो सुपारीएवढा अंबाडा सोडला. वाटीत तेल कोमट केलं. केस मूठभरसुद्धा नव्हते, तरी तिनं आधी टोकं सोडवली, मग मधला गुंता, मग वर आली. पाच-सहा पांढरे केस फणीला आले, ते तिनं जपून बोटाभोवती गुंडाळले.

बराच वेळ आजी काही बोलली नाही, म्हणून कुंभारणीनं वाकून पाहिलं. म्हातारी बसल्या बसल्या झोपली होती. ती जागी होईपर्यंत कुंभारीण हलली नाही.

तात्पर्य: गळालेल्या केसांचे उपकार मानावेत, उरलेल्यांना पोटभर अन्न, विसावा आणि हलका हात द्यावा, आणि ज्या हातांनी आपला गुंता सोडवला त्यांच्या पाठीमागं एकदा तरी आपण फणी घेऊन बसावं.