करंजखोलचा निजधोंडा

बसा, पण धोंड्यावर नको, इकडे बांधावर बसा. आवळगडाची चढण अजून दीड तासाची आहे आणि माझे गुडघे आता कुरकुरतात. या खोऱ्यात चौतीस वर्षं टपाल वाटलं, त्यात झिजले. समोर हा लांबरुंद, वरून सपाट कातळ दिसतोय ना, त्याला आम्ही निजधोंडा म्हणतो. पन्नाससाठ माणसं सहज आडवी होतील एवढा आहे. करंजखोलचं कुणी बाहेरून परत आलं आणि घरी न जाता यावर येऊन टेकलं, तर गावातलं कुणीतरी घोंगडं आणि तांब्याभर पाणी आणून ठेवतं आणि गुमान निघून जातं. का आलास, काय झालं, असं कुणी विचारायचं नाही. ही रीत कशी पडली ते सांगतो. माझ्या चुलत्यानं सांगितलं तसं सांगतो, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

पातशाही फौजेनं आवळगडाला वेढा दिला होता तेव्हाची गोष्ट. गडाचे किल्लेदार आमच्याच गावचे, रुमाजी सणस. तीन पिढ्या किल्लेदारी त्यांच्या घरात होती. हाताखालची शिबंदीही याच खोऱ्यातली, पन्नासएक माणसं. गडावर दाणागोटा होता म्हणे, टाक्यात पाणी होतं. नव्हती ती झोप. शत्रूनं चढाई केलीच नाही. त्यानं नुसते दिवसरात्र नगारे बडवले, आरोळ्या ठोकल्या, मधूनच शिड्या लावल्याचं सोंग केलं. एवढा मोठा तट आणि माणसं मोजकी, एकानं निजायचं तर त्याच्या जागी उभं राहायला दुसरा नाही. असे एकोणीस दिवस गेले. माणसं उभ्याउभ्या डुलायला लागली, घास तोंडात तसाच राहायला लागला. रुमाजींनी दोनदा सरकाराकडे कुमक मागितली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, गड झुंजवावा. लिहिणाऱ्याची झोप होत असणार, दुसरं काय.

विसाव्या दिवशी एक गडी डुलकी लागून तटावरून खाली गेला. ओरडलासुद्धा नाही, पडतानाही तो झोपेतच होता असं सांगतात. तेव्हा शिबंदीचा नाईक कावजी पुढे झाला आणि सगळ्यांच्या वतीनं त्यानं किल्लेदाराचे पाय धरले.

"धनी, आता होत न्हाई. गड द्या."

रुमाजींनी शत्रूशी बोलणं लावलं. माणसांनी हत्यारांसकट घरी जायचं आणि किल्लेदारानं कैदेत राहायचं, असं ठरलं. मग त्यांनी दौत मागवून गावाला एक पत्र लिहिलं. कावजीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला वाचून दाखवलं.

"मौजे करंजखोलच्या समस्त पांढरीस. गड आम्ही आमच्या मतें दिला. लोक झुंजावयास राजी होते, आम्हीच त्यांस आवरिले. बोल लावणे तो आम्हांस लावावा. लोक एकोणीस दिवस निजले नाहीत, येतील त्यांस आधी निजू द्यावे. कोणी काही पुसू नये. बहुत काय लिहिणे."

"ह्ये खोटं हाय, धनी," कावजी म्हणाला.

"एवढे दिवस माझा हुकूम पाळलास. हा शेवटचा आहे," असं म्हणून रुमाजींनी पत्राची घडी त्याच्या मुंडाशात खोचली.

आता बघा, हुकमाशिवाय गड सोडलेल्या शिपायाची जमीन जायची आणि जन्मभर पळपुटा म्हणवून घ्यावं लागायचं. हे पत्र दाखवलं तर सगळे सुटणार होते, पण रुमाजींचं नाव मातीत जाणार होतं आणि घरातली किल्लेदारीही. दाखवलं नाही तर सगळे बुडणार होते. गाव समोर दिसत असताना ती माणसं या कातळावर येऊन बसली ती बसलीच. कुणाचे पाय पुढे जाईनात. एवढी दमलेली, पण कुणाचा डोळाही लागेना. मला त्यांची फार कीव येते. मीही वाईट कागद पिशवीत घेऊन दारापाशी उभा राहिलेलो आहे.

दुपारी रुमाजींची बायको गोजराबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन वर आली. मागून गाव आलं. तिनं विचारलं, "नाईक, आमचे धनी कुठं?"

"जित्ते हाईत, बाईसाहेब. गडावर हाईत," कावजी म्हणाला आणि त्यानं पत्र काढून तिच्या हातात दिलं.

कुलकर्ण्यांनी ते मोठ्यानं वाचलं. आपल्या घराचं काय होणार हे तिला तिथंच कळलं असणार. सगळे खाली बघत होते. कावजीला ते सोसेना. तो धडपडत उठला.

"बाईसाहेब, ह्ये खरं न्हाई. आमीच पाय धरलं त्येंचं. आमीच म्हनलं, गड द्या."

गोजराबाईनं भाकऱ्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवली म्हणे. मग म्हणाली, "नाईक, मी गडाचं काही पुसलं का तुमाला?"

"न्हाई."

"मग निजा."

तिनं कागद पदराला बांधला आणि गावातून घोंगड्या आणवल्या. ती माणसं जी निजली, ती तिसऱ्या दिवसापर्यंत उठली नाहीत. त्या सकाळी सरकारातून दोन स्वार चौकशीला आले आणि निजलेल्यांना भाल्याच्या टोकानं उठवू लागले. गोजराबाई मध्ये उभी राहिली. कावजीनं सांगितलेलं तिनं नुसतं बोलून दाखवलं असतं तरी नवऱ्यावरचा बोल टळत होता. तिनं पदराची गाठ सोडली आणि कागद पुढे केला.

"काय पुसायचं ते ह्या कागदाला पुसा. माणसं निजल्यात."

स्वार कागद घेऊन गेले. सणसांची किल्लेदारी गेली, ती पुन्हा मिळाली नाही. रुमाजी कैदेतच वारले, असं काही जण सांगतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही.

आजही ही रीत चालते. कुणाची मुंबईतली नोकरी सुटते, कुणी भरतीत नापास होऊन येतो, तो आधी इथं आडवा होतो. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी टपाल घेऊन निघालो, तर माझी लेक यावर बसलेली. सासर लांबचं, हातात एकच पिशवी. मी मागे फिरलो, घोंगडं आणलं, पाणी आणलं, तिच्या शेजारी ठेवलं आणि टपाल वाटायला गेलो. दिवसभर पत्त्यांचं अक्षर लागत नव्हतं. ती घरी आली, राहिली, अजून आहे. काय झालं होतं ते तिनं सांगितलेलं नाही. रोज जेवताना विचारायचं तोंडाशी येतं माझ्या, आणि मी भाकरी मागून घेतो.