दुपारनंतर कोण?

साखर कारखान्याचे चेअरमन धैर्यशीलराव यांना तालुक्यात कुणी 'नाही' म्हणत नसे. त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्यापाशी दिवसभर बसायला बाई हवी, असा निरोप त्यांनी गावात धाडला.

मालन आली. आजाऱ्याचं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, पण ती फक्त दुपारपर्यंत थांबणार होती.

"सासऱ्यांना लकवा झालाय, साहेब. सकाळी जाऊबाई असतात. त्या शेतावर गेल्या की सासऱ्यांना माझ्याशिवाय कुणी नाही."

"अर्धवेळ माणूस मला चालत नाही," चेअरमन म्हणाले. "दुप्पट पगार घे. म्हाताऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेव आणि ये."

"त्यांचा हात उचलत नाही."

"ते तुझं तू बघ."

वाड्याच्या सोप्यात बसलेली माणसं मालनकडं बघू लागली. एवढ्या पगाराला कोण नको म्हणेल?

मालन शांतपणे म्हणाली, "साहेब, दुप्पट पगारासाठी मी त्यांना तसं टाकून आले, तर उद्या कुणी तिप्पट देऊ केल्यावर तुमच्या आईच्या उशाशीही तांब्या ठेवून निघून जाईन. तशी बाई चालेल तुम्हाला?"

 

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा खोल गेलेला आवाज आला.

"धैर्या, हिलाच ठेव. दुपारपर्यंत ही बसंल माझ्यापाशी."

म्हातारी दम खायला थांबली.

"दुपारनंतर तू बस."