राणीच्या कपाळावरची ओळ

एका राज्यात अक्षरे उदंड होती, पण ती वाचणारा मोठा माणूस एकही उरला नव्हता. त्याचे कारण असे.

धूम्रकेश नावाच्या जादूगाराने राजा हेमांगदाला लेखी विनवणी केली होती, की नवा कालवा माझ्या आश्रमावरून नेऊ नये. राजाने ती न वाचताच तिच्यावर नामंजुरीची मोहोर उठवली. राजेलोकांना हा विकार असतो आणि त्यावर औषध नाही. कालवा आला, आश्रम वाहून गेला. जादूगार दरबारात आला तेव्हा त्याची समजूत घालायला राणी सुनेत्रा पुढे झाली. त्याने तिच्या कपाळाला बोट लावले आणि ती उभ्या जागी शिळा झाली.

"राजा," तो म्हणाला, "आजपासून तुझ्या राज्यातल्या मोठ्यांना अक्षरे म्हणजे मुंग्यांची रांग दिसेल. राणीच्या मनातली एक ओळ रोज पहाटे या कपाळावर उमटेल आणि आदली पुसली जाईल. दुधाचे दात असलेल्या लेकराने ती वाचावी. कोणी न सांगता वाचावी. शेवटपर्यंत वाचावी. मग लिहिले असेल तसे घडेल आणि शाप सुटेल."

राजकन्या वनजा तेव्हा पाळण्यात होती.

राजपंडित वाचस्पतींनी लगोलग शाळा काढली. त्यांनाही मुंग्याच दिसत होत्या, पण पहिले पुस्तक त्यांना तोंडपाठ होते. ते ओळ म्हणत, मुले एका सुरात मागून म्हणत आणि पानावरून बोट सरकवत. दुरून पाहणाऱ्याला वाटे, काय सुरेख वाचतात!

शाळेतला पहिला हुशार मुलगा शिळेपुढे उभा राहिला. त्याने कपाळावर बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "कमळ बघ. गवत उपट. बदक पकड." शिळा हलली नाही. दुसऱ्या मुलीने तर दोन धडे म्हटले. तिसऱ्याच्या हाती पुस्तक उलटे दिले, तरी तो कुठे अडला नाही.

महालाच्या कमानीवर एक बोलका राघू राहत असे. तो म्हणाला, "महाराज, ही सगळी माझीच भावंडे दिसतात."

"पाठांतर निर्दोष आहे," पंडित म्हणाले. त्यांना शाल मिळाली. ती आधीच विणून ठेवलेली होती.

अशी वर्षे गेली. रोज पहाटे राणी काहीतरी बोलत होती आणि रोज ते पुसले जात होते. वनजाचे दात पडू लागले. शेवटचा दुधाचा दात हलू लागला तेव्हा राणीची धाकटी बहीण कौमुदी राजाकडे आली.

"महाराज, हा दात पडला की हिलाही मुंग्या दिसतील. मग आईचे बोलणे हिला कधीच कळायचे नाही. पोर माझ्याकडे द्या."

"तुम्हांला तरी अक्षर कुठे दिसते?"

"डोळ्यांना दिसत नाही. बोटाला आठवते."

कौमुदीने धूळपाटी घेतली. धुळीत बोट फिरवून ती म्हणाली, "याचे नाव, गाव, कमळ काही नको. आवाज तेवढा ध्यानात ठेव. म."

"म," वनजा म्हणाली. मग तिने तेच अक्षर मावशीच्या पाठीवर काढून दाखवले. पाठ सांगत होती, बरोबर आहे.

"आता हा ल, त्याला काना. ला. दोन्ही जवळ आण."

"म... ला. म-ला. मला!" वनजा दचकलीच. "मावशी, हे तर मी रोज म्हणते!"

"तेच आहे, बाळ."

एक एक आवाज धुळीत उतरला, पुसला, पुन्हा उतरला. एका पहाटे वनजाच म्हणाली, "आज जाऊ या. जीभ लागली तरी दात हलतो." आणि मग, "आई उठेल ना?"

"लिहिले असेल तसे होईल," मावशी म्हणाली.

शिळेपुढे राजा होता, पंडित होते. वनजाने कपाळावर बोट टेकले.

"व... न... जा. वनजा! माझे नाव आहे." ती थांबली, पुढे सरकली. "म... ला. मला..."

राजाला राहवेना. "मला उठव! दुसरे काय असणार? म्हण बाळ, मला उठव!"

"महाराज, तोंड मिटा," कौमुदी म्हणाली. दरबारात असे आजवर कोणी बोलले नव्हते.

वनजा पुढच्या अक्षरांकडे पाहत राहिली. तिचा ओठ थरथरला.

"तात, तसे लिहिलेले नाही."

"मग न वाचताच परत चल," राजा हलकेच म्हणाला. चेहरा पाहून त्याला कळले होते.

"आईने मला सांगितले आहे," वनजा म्हणाली आणि तिने बोट पुढे नेले. "जा... ऊ. जाऊ. दे."

शिळा ऊन झाली. राणीने डोळे उघडले, लेकीकडे पोटभर पाहिले आणि हलकेच तिच्या खांद्यावर मान टाकली. जादूगाराचा शब्द खरा झाला. लिहिले होते तसे घडले.

त्याच क्षणी राज्यातल्या मुंग्या थबकल्या आणि त्यांची अक्षरे झाली. पाट्या बोलू लागल्या, कागद वाचता न आल्याने अडलेला न्याय सुरू झाला. लेकरू वाचत असता त्याच्या तोंडात कोणी शब्द घालू नये, असा हुकूम निघाला. राजाने तो वाचून मोहोर केली.

सुतक फिटल्यावर तो कमानीखाली आला. "राघू, तू तर रोज पहाटे इथेच असायचास. आधीच्या ओळींत काय होते? उठव म्हणून कधी लिहिले होते का तिने?"

"मला काय ठाऊक, महाराज," राघू म्हणाला. "मी नुसता बोलतो."